जुन्या जीपचा ब्रेक जाम का होतो? चाक खोलण्याआधी हे तपासा

जुनी जीप सकाळी अंगणातून निघते तेव्हा हलकी चालते. दहा-बारा किलोमीटर झाले, चार-सहा वेळा ब्रेक मारला, की गाडी जड वाटू लागते. ॲक्सिलरेटर दाबूनही वेग येत नाही. चाकाजवळून जळका वास येतो. शेवटी गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर उतारावरही सरकत नाही. मग ती अर्धा तास झाडाखाली उभी राहते आणि आपोआप मोकळी होते. गॅरेजमध्ये पोहोचते तेव्हा चारही चाकं छान फिरत असतात, त्यामुळे मेस्त्रीला दोष दिसतच नाही. शू थोडे घासून, सैल करून गाडी परत मिळते आणि पुढच्या रविवारी पुन्हा तोच प्रकार.

असा ब्रेक सहसा चाकात बिघडलेला नसतो. दोष पायाखाली, मास्टर सिलेंडरमध्ये असतो. म्हणूनच ड्रम ब्रेक जाम झाला की पाना हातात घेण्याआधी एक गोष्ट ठरवावी लागते: शूला ड्रमवर दाबून धरणारा दाब ब्रेक ऑइलचा आहे, की चाकातलाच एखादा भाग अडकला आहे? याचं उत्तर दोन मिनिटांत मिळतं. ते न शोधता चारही चाकं उघडली तर दिवस आणि पैसे दोन्ही जातात.

कोणत्या गाड्यांबद्दल बोलतोय?

दुसऱ्या महायुद्धात १९४१ ते १९४५ या काळात विलिस-ओव्हरलँड आणि फोर्डने बनवलेली जीप, आणि तिच्यापासून पुढे आलेल्या सीजे-२ए, सीजे-३ए, सीजे-३बी या नागरी जीप. भारतात १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे सीजे-३बी इथेच बनू लागली. त्यामुळे कोकणातल्या पडवीत, नाशिकच्या द्राक्षबागेत किंवा पुण्याच्या एखाद्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये या वंशाची गाडी आजही दिसते. बोनेट, सीट, इंजिन काहीही बदललेलं असतं, पण ब्रेक बहुधा मूळ पद्धतीचेच असतात.

या ब्रेकची दोन वैशिष्ट्यं लक्षात ठेवायला हवीत. पहिलं म्हणजे चारही चाकांना ऑइल पुरवणारा मास्टर सिलेंडर एक आणि त्याचं सर्किटही एकच. आजच्या गाड्यांत दोन वेगळी सर्किट असतात. एक फुटलं तरी दुसरं थोडंफार थांबवतं. इथे एक पाइप फुटला किंवा ऑइल उकळलं, तर पेडल थेट फरशीला लागतं. दुसरं म्हणजे मूळ गाड्यांमध्ये हातब्रेक चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे, प्रॉपेलर शाफ्टवर असतो. या दोन्ही गोष्टींचा संबंध पुढे येईल.

जाम झालेला ब्रेक ही नुसती कटकट का नाही, हेही इथेच कळतं. घासत राहिलेला ड्रम तापतो, ती उष्णता व्हील सिलेंडरमधल्या ऑइलला लागते. डॉट ३ प्रकारचं नवं ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, पण हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि पुरेशी ओल शिरली की हाच आकडा १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. ऑइल उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात. बुडबुडे दाबले जातात, पण दाब पुढे पोहोचत नाही. म्हणजे ज्या गाडीचा ब्रेक मघाशी सुटत नव्हता, तिलाच घाटाच्या उतारावर अचानक ब्रेक राहत नाही. वरंधा किंवा ताम्हिणीसारख्या घाटात हे घडलं तर सावरायला फार जागा नसते.

आधी लक्षण नीट ऐका

लोक ‘ब्रेक जाम’ म्हणतात तेव्हा त्यांना तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगायच्या असतात. गाडी महिनाभर उभी होती आणि आता चाकच फिरत नाही, हा एक प्रकार. गाडी चालवताना हळूहळू ब्रेक धरू लागतो आणि पाय काढला तरी सुटत नाही, हा दुसरा. आणि तिसऱ्यात पेडल हलकंसं दाबलं तरी एखादं चाक एकदम लॉक होतं, गाडी एका बाजूला खेचते, पाय काढला की सुटतं. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. मेस्त्रीला फोनवर नुसतं ‘जाम झालाय’ सांगण्यापेक्षा यातलं कोणतं ते सांगितलं, तर अर्धं निदान तिथेच होतं.

निपल उघडून पाहा

चालवताना धरणाऱ्या ब्रेकसाठी ही परीक्षा आहे, आणि ब्रेक धरलेला असतानाच ती करायची. गार होऊन सुटल्यावर काही कळत नाही.

गाडी सपाट जागी उभी करून चाकांखाली दगड किंवा लाकडी ठोकळे लावायचे. मग जॅकवर एकेक चाक उचलून हाताने फिरवायचं आणि कोणतं घट्ट आहे ते पाहायचं. ड्रमला थेट हात लावू नये, उलटा हात जवळ नेला तरी उष्णता कळते. गरम ड्रमवर पाणीही ओतू नये, ओतीव लोखंडाला तडा जाऊ शकतो. घट्ट चाक सापडलं की त्याच्या मागच्या प्लेटवरचा हवा काढायचा निपल, त्याला नळी लावून आणि डोळे सांभाळून, अर्धा फेरा सैल करायचा.

ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं, तर दाब अडकून बसला होता. शू, स्प्रिंग यांचा दोष नाही. ऑइलचे दोन थेंब आले आणि चाक तसंच घट्ट राहिलं, तर दोष त्या चाकाच्या ड्रममध्ये आहे.

दाब अडकला असेल तर पुढची पायरी. निपल पुन्हा घट्ट करा, गाडी चालवून ब्रेक परत धरू द्या, आणि या वेळी मास्टर सिलेंडरमधून बाहेर पडणाऱ्या पाइपचा नट किंचित सैल करा. चाक सुटलं, तर दोष मास्टर सिलेंडर किंवा पेडलमध्ये. सुटलं नाही, पण चाकाचा निपल उघडल्यावर सुटतं, तर अडथळा या दोन टोकांच्या मध्ये आहे. तो बहुतेक वेळा रबरी होज पाइपमध्ये निघतो. बाहेरून धडधाकट दिसणारा होज आतून सुजतो किंवा त्याचा आतला थर सुटून झडपेसारखा लोंबतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, पण शूच्या स्प्रिंगच्या जोराने ते परत येऊ शकत नाही. होज दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो. पुढच्या दोन्ही चाकांचे होज एकदमच बदललेले बरे, कारण त्यांचं वय सारखंच असतं.

दोष पायाखाली असतो तेव्हा

चारही चाकं एकदम धरत असतील तर मास्टर सिलेंडरकडेच जायचं. या जीपमध्ये तो ड्रायव्हरच्या पायाखाली, फरशीच्या खालच्या बाजूला चासीला लावलेला असतो. चिखल, पाणी, धूळ सगळं त्याच्यावर उडतं. वरून ऑइल भरायला फरशीतलं छोटं झाकण उघडावं लागतं आणि त्या वेळी आजूबाजूची माती आत पडते. ही जागा पुसून घेतल्याशिवाय झाकण उघडायचं नाही, एवढी एक सवय लावली तरी बरेच बिघाड टळतात.

मास्टर सिलेंडरच्या आत, पिस्टनपुढे रबरी बकेट असतं. पाय काढल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला की बकेटच्या पुढे, टाकीच्या तळाशी सुईच्या टोकाएवढं एक भोक उघडं पडतं. ऑइल तापून फुगलं तर ते याच भोकातून टाकीत परत जातं. हे भोक बंद राहिलं तर फुगलेल्या ऑइलला जायला वाट नाही, मग ते शूलाच बाहेर ढकलतं. शू घासतो, ड्रम आणखी तापतो, ऑइल आणखी फुगतं. सुरुवातीला सांगितलेली ‘चालवली की धरते, गार झाली की सुटते’ ही गोष्ट म्हणजे नेमका हाच फेरा.

भोक बंद राहायची कारणं तीन. सगळ्यात साधं म्हणजे पेडलला मोकळी चाल नसणं. विलिसच्या जुन्या सूचनेप्रमाणे पेडल सुमारे अर्धा इंच सहज खाली गेलं पाहिजे आणि त्यानंतर पुशरॉड पिस्टनला लागला पाहिजे. ‘ब्रेक वरच लागावा’ म्हणून कोणी पुशरॉड लांब करून ठेवला असेल, तर पिस्टन कायम थोडा पुढेच राहतो. हा उद्योग फार ठिकाणी केलेला आढळतो. पेडलचा बुश गंजून पेडल पूर्ण वर येत नसेल, किंवा त्याची परतीची स्प्रिंग तुटली असेल, तरी तेच होतं. पायाच्या बोटांनी पेडल वर उचलून पाहिलं की हे लगेच समजतं. नवी जाड मॅट पेडलखाली अडकल्याचेही किस्से असतात.

दुसरं कारण कचरा किंवा गंज. झाकण उघडून टाकीत बॅटरीचा प्रकाश टाकायचा आणि दुसऱ्याला पेडल अगदी हळू दाबायला सांगायचं. पहिल्या क्षणी तळातून छोटा फवारा उसळला तर भोक मोकळं आहे. काहीच हललं नाही तर ते बंद आहे. साफ करायला तांब्याच्या वायरची एक बारीक तार वापरावी. स्टीलची सुई किंवा ड्रिल घातलं तर भोकाच्या कडेला आतून काटा उभा राहतो आणि तो बकेट कापून टाकतो.

तिसरं कारण जास्त वाईट. ब्रेक ऑइल संपलं म्हणून कोणीतरी इंजिन ऑइल किंवा दुसरं कुठलं खनिज तेल घातलेलं असतं. या ब्रेकचे रबर ग्लायकॉल प्रकारच्या ऑइलसाठी असतात. खनिज तेलात ते फुगून मऊ होतात आणि बकेट भोकावर येऊन बसतं. टाकीच्या झाकणाचं रबर फुगून आत बसत नसेल तर हीच शंका घ्यावी. अशा वेळी ऑइल बदलून भागत नाही. मास्टर सिलेंडर, सगळे व्हील सिलेंडर आणि होज यांतलं प्रत्येक रबर बदलायचं, लोखंडी पाइप स्पिरिटने धुवायचे. खर्च होतो, पण अर्धवट केलं तर उरलेलं तेल नव्या रबरांचीही तीच गत करतं. सिलिकॉनचं डॉट ५ ऑइलही जुन्या डॉट ३ किंवा डॉट ४ मध्ये मिसळू नये.

दोष चाकात असेल तर

निपल उघडूनही चाक घट्टच, म्हणजे ड्रम काढावा लागणार. त्याआधी मागच्या प्लेटवरचे दोन कॅम, ज्यांनी शू जवळ-लांब करतात, पूर्ण सैल करायचे. जुन्या ड्रमच्या कडेला झिजेमुळे काठ तयार झालेला असतो, त्यात शू अडकतो आणि ड्रम निघत नाही. लोक मग हातोडा उचलतात.

हातोड्याबद्दल आणखी एक. बऱ्याच नागरी जीपमध्ये मागच्या ॲक्सलचं टोक निमुळतं असतं आणि हब त्यावर दाबून बसवलेला असतो. तो पुलर लावूनच काढायचा. ॲक्सलच्या टोकावर घण घातला तर आटे जातात आणि आतल्या बेअरिंगलाही मार बसतो. शिवाय या वंशाच्या अनेक गाड्यांत डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात. जोर लावूनही नट सुटत नसेल तर तो घट्ट होत नाही ना, हे आधी पाहावं.

गाडी जॅकवर असताना हातब्रेकवर विसंबायचं नाही. तो शाफ्टवर असल्याने मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शियलमुळे जमिनीवरचं दुसरं चाक फिरायला मोकळं होतं. हातब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही जीप जॅकवरून घरंगळते ती अशी. म्हणून चाकांना ठोकळे हवेत, आणि चाक काढल्यावर चासीखाली स्टँड.

ड्रम निघाल्यावर आतली धूळ फुंकू नये, कंप्रेसरच्या हवेने तर मुळीच उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता असते आणि त्याची धूळ फुप्फुसाच्या कर्करोगाचं सिद्ध कारण आहे. साबणाच्या पाण्याने भिजवून, ओल्या फडक्याने पुसून ते फडकं पिशवीत बांधून टाकायचं. गॅरेजमध्ये हे क्वचितच पाळलं जातं, गाडीमालकाने आग्रह धरावा.

आता पाहायचं ते असं. व्हील सिलेंडरचे पिस्टन अंगठ्याने दाबल्यावर आत जातात का? ऑइलमध्ये शिरलेलं पाणी सिलेंडरच्या तळाशी साठतं, तिथे गंजाचे खड्डे पडतात आणि पिस्टन बाहेर येऊन तिथेच रुततो. हलका डाग बारीक पॉलिश पेपरने जातो, खड्डा जात नाही. खड्डे असलेल्या सिलेंडरमध्ये नवं किट टाकणं म्हणजे महिनाभराची सोय. शूची परतीची स्प्रिंग लांबलेली किंवा तापून निळी पडलेली असेल तर बदलावी. मागच्या प्लेटवर शू जिथे टेकतो तिथे वर्षानुवर्षांच्या घासण्याने खाचा पडतात, शूची कड त्यात अडकून बसते. खाचा वेल्डिंगने भरून सपाट करायच्या आणि तिथे उष्णता सोसणारं ग्रीस अगदी बोटावर येईल इतकंच लावायचं.

पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीचं निदान सोपं आहे. ड्रमच्या आत गंज चढतो आणि लायनर त्याला चिकटतो. किनाऱ्यालगतच्या खाऱ्या हवेत आठवडाही पुरतो. गाडी पहिल्या गिअरमध्ये हलकेच पुढे-मागे केली की बहुधा ‘टक्’ आवाज होऊन सुटते. नाही सुटली तर इंजिनाच्या जोरावर ओढू नये, कारण लायनर शूपासून उपटून येतो आणि ड्रममध्ये पाचर होतो. कॅम सैल करून ड्रमच्या अंगावर लाकडी हातोडीने चहूबाजूंनी ठोकावं. मागची दोन्ही चाकं एकदम अडली असतील तर आधी शाफ्टवरचा हातब्रेक चिकटला नाही ना ते पाहावं. गाडी लांब मुदतीसाठी ठेवताना हातब्रेक सोडून चाकांना ठोकळे लावले की हा प्रश्न येत नाही.

पाय लावताच चाक लॉक होतं

तिसरा प्रकार समजायला ड्रम ब्रेकचा एक गुण कळायला हवा. गाडी पुढे जात असताना फिरणारा ड्रम पुढच्या शूला आपल्याबरोबर ओढून आणखी घट्ट दाबतो. दार उघडं राहावं म्हणून खाली सारलेली लाकडी पाचर, दार ढकलावं तशी अधिक रुतते, तसंच. त्यामुळे थोड्या जोरात मोठा ब्रेक मिळतो. पण लायनर जरा जास्त चिकट झाला की हीच मदत हाताबाहेर जाते.

लायनर चिकट होण्याचं मुख्य कारण ऐकून अनेकांना पटत नाही: तेल. तेल म्हटलं की ब्रेक घसरेल असं वाटतं. भरपूर तेल असेल तर तसं होतंही. पण थोडंसं गिअर ऑइल, ग्रीस किंवा ब्रेक ऑइल लायनरमध्ये मुरून तापलं, की तो जागच्या जागी धरतो आणि चाक लॉक होतं. तेलाने भिजलेला लायनर पेट्रोलने धुऊन किंवा आगीवर धरून कायमचा नीट होत नाही. तो बदलायचा, आणि त्याआधी तेल आलं कुठून ते शोधायचं. मागच्या चाकात ॲक्सलचं सील जातं. सील नवं घालूनही गळत असेल तर ॲक्सलवरचा हवेचा ब्रीदर पाहावा. तो चिखलाने बुजला की तापलेल्या ॲक्सलमधली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते. नदी-नाले पार करणाऱ्या गाड्यांत हे नेहमीचं आहे, आणि दुरुस्तीला फक्त एक तार लागते.

तेल नसेल तर जुळणी तपासावी. एका शूचा लायनर लांब आणि दुसऱ्याचा आखूड असा संच असतो. मूळ ९ इंची ब्रेकमध्ये लांब लायनर गाडीच्या पुढच्या बाजूला येतो. नंतरच्या, दोन्ही शू एकमेकांना ढकलतात अशा सर्व्हो प्रकारात मात्र लांब लायनर मागे असतो. एका प्रकाराची सवय असलेला हात दुसऱ्यात उलटं बसवतो. पुढच्या आणि मागच्या सिलेंडरची अदलाबदल त्याहून धोक्याची. युद्धकाळातल्या जीपमध्ये पुढचे व्हील सिलेंडर १ इंची आणि मागचे पाऊण इंची असतात, कारण ब्रेक मारल्यावर वजन पुढे येतं आणि मागची चाकं हलकी होतात. मागे मोठा सिलेंडर बसला तर मागची चाकं आधी लॉक होतात. अवघ्या ८० इंचांच्या व्हीलबेसची गाडी मग ओल्या रस्त्यावर गर्रकन आडवी फिरते.

राहिला लायनरचा बाक. नव्या लायनरची फक्त टोकं ड्रमला लागत असतील तर ब्रेक झटका देऊन धरतो. ड्रमच्या आतून खडू फिरवून शू टेकवला की कुठे लागतं ते दिसतं. टोकं कानशीने तिरकी घासली की बराच फरक पडतो, उरलेलं काम लायनर बसवणाऱ्याकडून ड्रमच्या मापाने घासून घ्यावं. विलिसच्या पुस्तकात शू आणि ड्रममधली फट खालच्या टोकाला ०.००५ इंच आणि वरच्या टोकाला ०.००८ इंच दिलेली आहे. खालच्या अँकर पिनने ही फट जमवायची ती नवे शू घालतानाच. नंतरच्या जुळणीला वरचे कॅम पुरतात: शू घासेपर्यंत घट्ट करायचा, मग चाक मोकळं फिरेपर्यंत थोडा मागे.

रस्त्यातच अडकलात तर

गाडी बाजूला घेऊन चाकांना दगड लावावे आणि ड्रम गार होऊ द्यावे. घाई असेल तर धरलेल्या चाकाचा, किंवा सगळी धरली असतील तर मास्टर सिलेंडरच्या पाइपचा नट क्षणभर सैल करून दाब सोडावा आणि लगेच घट्ट करावा. नट उघडा असताना पेडलला पाय लावायचा नाही, नाहीतर हवा शिरते. ऑइल रंगावर सांडलं तर पाण्याने धुवावं. पुढे जाण्याआधी उभ्या गाडीत पेडल तीन-चारदा दाबून ते घट्ट लागतं का पाहावं. स्पंजसारखं लागलं तर गाडी टो करूनच न्यावी. घट्ट लागलं तर लो गिअरमध्ये, इंजिनाच्या ब्रेकवर, जवळच्या गॅरेजपर्यंतच. शाफ्टवरचा हातब्रेक चालत्या गाडीत ओढला तर डिफरन्शियल आणि शाफ्टला जबर झटका बसतो, तो अगदी निरुपाय झाला तरच.

दुरुस्तीनंतरची चाचणी सपाट, रिकाम्या रस्त्यावर पाच-सहा किलोमीटर चालवून, मधूनमधून ब्रेक मारत घ्यायची. मग थांबून चारही ड्रमजवळ उलटा हात न्यायचा. समोरासमोरची दोन चाकं सारखीच गरम लागली पाहिजेत. एखादं जास्त तापलं असेल तर तिथे शू अजून घासतोय, आणि एखादं गारच राहिलं असेल तर ते चाक ब्रेक लावतच नाहीये.